दहावी चिठ्ठी

पाच गाड्या, दहा माणसं, अडतीस दिवस आणि तीन देशांच्या सीमा. हे सगळं मी जुळवलं, मी एकट्याने. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला राग येईल आणि मग ते सांगायचं राहून जाईल.

सगळे मला दादा म्हणतात. धाकटा भाऊ म्हणतो म्हणून त्याचे मित्र म्हणायला लागले, आणि त्यांचं ऐकून माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईसुद्धा. एकतीस वर्षं मी मालवाहतुकीच्या कंपनीत ट्रक रवाना करायचं काम केलं. कुठला ट्रक कधी सुटणार, कुठल्या नाक्यावर कुठला कागद दाखवणार, ड्रायव्हर कुठे जेवणार, सगळं माझ्या टेबलावर ठरायचं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. मी जीपगाड्यांचा ताफा घेऊन परदेशात जायला लागलो. ही सातवी खेप.

लोकांना वाटतं, गाडीत बसलं की झाली सहल. अहो, गाडीत बसायच्या आधी दीड वर्ष टेबलाशी बसावं लागतं! माणसाला जसा पासपोर्ट, तसं गाडीला कार्नेट लागतं. गाडी देशात शिरली की एक शिक्का, बाहेर पडली की दुसरा. दुसरा राहिला तर ते समजतात, तुम्ही गाडी तिथेच विकून आलात. इंजिनाचा नंबर, चासीचा नंबर, रंग, सीटा किती, रेडिओ आहे की नाही. शिवाय व्हिसाचे दहा अर्ज, प्रत्येकी सहा पानं. फोटो पांढऱ्या पडद्यासमोरचा, ओठ मिटून काढलेला. आमच्यातला दातवाला, म्हणजे दातांचा डॉक्टर, त्याचा फोटो तीनदा परत आला, कारण गडी हसल्याशिवाय फोटोच काढून घेत नाही. धंद्याची जाहिरात तिथेही! चौथ्या वेळी मी स्वतः स्टुडिओत जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मेल्यासारखा चेहरा कर." तेव्हा कुठे पास झाला.

माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. एक नंबरची गाडी माझी. शेजारी बायको, मांडीवर नकाशा. ती नकाशे काढायच्या कार्यालयात नोकरीला होती, त्यामुळे मोबाइल बंद पडला तरी आमचं अडत नाही. दोन नंबरला बाई, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यांची चोवीस वर्षांची भाची. तीन नंबरला दातवाला आणि त्याची बायको. चार नंबरला बेकरीवाला आणि बेकरीवाली, दोघंही या खेपेला नवे. आणि शेपटाला माझा धाकटा आणि त्याची बायको. धाकट्याचं गॅरेज आहे. मेकॅनिक कायम शेवटी असतो, कारण जी गाडी बंद पडेल ती त्याच्या पुढ्यात बंद पडायला हवी. सहा खेपा त्याने धूळ खाल्ली हे खरं. पण कुणीतरी खायलाच हवी ना?

निघायच्या तीन आठवडे आधी आम्ही चाचणी करतो. शहरापासून दूर बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे तीन दिवस तंबू ठोकून राहायचं. मुद्दाम चिखलात गाडी रुतवायची आणि दुसऱ्याने दोर लावून ओढायची. दुसऱ्याच्या गाडीचं चाक वीस मिनिटांत बदलायचं. उलट्या गियरमध्ये चढ चढायचा. आणि धुळीत एकामागोमाग एक चालवायचं. ते मी स्वतः शिकवतो. "रस्ता दिसणार नाही, शोधत बसू नका," मी सांगतो. "पुढच्या गाडीचे लाल दिवे बघा आणि ते जातील तिकडे जा."

तिसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या. ही पद्धत मीच काढली. दुसऱ्या खेपेला आमच्यात एक विमा एजंट होता. वॉकीटॉकीवर गायचा. तासभर नाही, एकवीस दिवस! सगळ्यांच्या डोक्याचा भुगा झाला, पण तोंडावर बोलणार कोण? शेवटच्या आठवड्यात तर कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा मी कानाला खडा लावला. पुढच्या खेपेपासून चाचणी संपली की प्रत्येकाला सारख्या मापाचा कागद मिळायला लागला. ज्याच्याबरोबर जायला नको वाटतं त्याचं नाव लिहायचं, तसं कुणी नसेल तर कागद कोरा द्यायचा. एकच नाव तीन चिठ्ठ्यांवर आलं तर तो माणूस घरी राहणार. कारण विचारायचं नाही. कुणी लिहिलं ते शोधायचं नाही. चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचायच्या मी. आजवर हा नियम एकदाच लागला, एका निवृत्त पायलटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका, नियम म्हणजे नियम." तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता एक खरं सांगतो. चिठ्ठ्या निनावी होत्या, पण बाकीच्यांसाठी. दीड दीड वर्ष मी या लोकांचे अर्ज तपासतो, मला प्रत्येकाचं अक्षर झोपेतही ओळखू येतं. कुणी कुणाचं नाव लिहिलं हे मला दर खेपेला कळायचं. मी कधी कुणाला बोललो नाही. पण कळायचं.

तर या खेपेची तिसरी दुपार. बेकरीवाल्याने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिला, त्यात दहा चिठ्ठ्या पडल्या. मी माझ्या गाडीचं मागचं दार उघडून त्यावर डबा ठेवला आणि सगळे भोवती उभे राहिले. मीही एक चिठ्ठी टाकली होती. एरवी माझी कोरी असते. या वेळी मी बेकरीवालीचं नाव लिहिलं होतं, कारण तिला उलट्या गियरमध्ये दोनदा सांगून जमलं नाही, तिसऱ्यांदा मी ओरडलो तर रडायला लागली. सीमेवरचा घाट काय रडून चढणार?

पहिली कोरी. दुसरी कोरी. तिसरी उघडली तर "दादा".

सगळे हसले. मीही हसलो. अक्षर दातवाल्याचं होतं. औषधाच्या चिठ्ठीवरचं डॉक्टरी अक्षर, मुंगी शाईत बुडून कागदावरून गेल्यासारखं. त्याचं आणि माझं टायरवरून वाजलं होतं. त्याला रुंद टायर हवे होते, दिसायला बरे म्हणून. म्हटलं, ठीक आहे, काढ राग. चौथी माझीच निघाली, मी "बेकरीवाली" असं वाचलं. बिचारी कानापर्यंत लाल झाली. पाचवी कोरी.

सहावी "दादा".

ही वाचताना माझा आवाज बदलला असणार, कारण हसायला कुणी तोंड उघडलं नाही. ते अक्षर धाकट्याचं होतं. तो गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवतो, त्यामुळे कुठेही काहीही लिहिलं तरी पाटी रंगवल्यासारखंच लिहितो, ठसठशीत आणि सुटं सुटं. ज्याला मी मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं! ज्याच्या गॅरेजच्या परवान्यासाठी मी चार महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या! मी मान वर करून बघितलं. साहेब खाली वाकून टायरमधला खडा काढत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण नियम माझाच, विचारायचं नाही. मी पुढे वाचत गेलो. सातवी कोरी, आठवी कोरी, नववी कोरी.

दहावी उघडली. त्यावर "दादा" लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर माझ्या बायकोचं होतं.

नकाशावर नद्यांची नावं लिहितात तसं सुबक, जराशी तिरपी रेघ. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. मला सगळ्यात जास्त कशाचं लागलं सांगू? तेहतीस वर्षांच्या संसारात तिने मला कधी दादा म्हटलेलं नाही. ती मला अहो म्हणते. चिठ्ठीवर अहो कसं लिहिणार, म्हणून चार परक्या माणसांसारखं तिनेही दादा लिहिलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कोरी," मी म्हणालो.

मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं. चिठ्ठीची घडी घालून मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हटलं, "दादाला दोन, बेकरीवालीला एक. म्हणजे सगळे चाललो. टाळ्या वाजवा." त्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. तिच्या हातात चहाचा कप होता. तिने तो विसळला, पुसला आणि खोक्यात ठेवला.

आता सहा आठवड्यांपूर्वीचं सांगावं लागेल. आम्ही दोघं कार्नेटची पुस्तकं घेऊन परत येत होतो. भर दुपार, सरळ रस्ता, गाडी मी चालवत होतो. मला आठवतं ते एवढंच की पुढे दुधाचा टँकर लांब होता. मग एकदम टँकरचा भोंगा कानाशी, आमची गाडी रस्त्याकडेच्या खडीवर आणि स्टिअरिंगवर बायकोचे दोन्ही हात. मी म्हटलं, डुलकी लागली. ती म्हणाली, "तुमचे डोळे उघडे होते. मी हाक मारली, तुम्ही ऐकलं नाही. चार सेकंद." डॉक्टरकडे चला म्हणाली. मी म्हटलं, सहल झाल्यावर. आता डॉक्टरकडे गेलो तर तो गाडीला हात लावू देणार नाही, आणि दीड वर्षाचं काम पाण्यात. कुणालाही सांगायचं नाही म्हणून मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. त्यानंतर तिने चार वेळा विषय काढला. चारही वेळा मी "बघू" म्हटलं.

झालं असेल एकदा. माणूस दमतो.

खाणीत तंबू गुंडाळताना मी धाकट्याला बाजूला घेतलं. नियम होता विचारायचं नाही, पण रक्ताचं नातं आहे, मला राहवेना.

"का लिहिलंस माझं नाव?"

त्याचा चेहरा उतरला. "तुला कसं कळलं?"

"ते सोड. का लिहिलंस?"

"दादा, तू चिठ्ठ्यांची अक्षरं ओळखतोस? इतकी वर्षं?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की गुन्हा मीच केलाय. मग दोर गुंडाळायचा थांबला आणि बोलायला लागला, आणि बोलतच सुटला. "तू काल त्या बेकरीवालीला रडवलंस. मागच्या खेपेला गाडी कुठे थांबवून कुणी लघवीला जायचं त्याचं वेळापत्रक छापून आणलंस. मी सगळ्यात मागे असतो, मला धुळीचा त्रास नाही. पण दिवसभर कानात तुझ्या शिव्या असतात. लोक सहलीला येतात दादा, नोकरीला नाही."

"म्हणून मला काढून तू पुढे जाणार?"

तो पुन्हा दोर गुंडाळायला लागला.

"दातवाल्याशी बोलणं झालं होतं?"

"झालं होतं," तो म्हणाला. "तिसरी चिठ्ठी बेकरीवाली देईल असं वाटलं होतं."

बघा! म्हणजे कटच होता. आणि गंमत अशी की जिच्यावर मी ओरडलो, जिचं नाव मी स्वतः लिहिलं, तिने कोरा कागद दिला होता. तिसरी चिठ्ठी माझ्या घरातून आली होती. हे धाकट्याला ठाऊक नव्हतं, आणि मी ते त्याला सांगणार नव्हतो.

घरी जायला अडीच तास लागतात. बायको शेजारी बसली होती. पाठ असलेला रस्ता, तरी ती "पुढे डावीकडे", "पुलानंतर उजवीकडे" एवढंच बोलली. मी समोर बघून गाडी चालवत राहिलो. मनात मात्र तिला काय काय ऐकवत होतो! तिच्या आईच्या आजारपणात मी केलेली धावपळ, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तिला आवडतात म्हणून रंगवलेल्या निळ्या भिंती, एक एक काढून तिच्या पुढ्यात टाकत होतो. घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. तिने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, खिडकी उघडली आणि पाठमोरीच म्हणाली, "ती कोरी नव्हती."

"तू लिहिलंसच कसं?"

"पेनाने."

"थट्टा करू नकोस! तेहतीस वर्षं मी तुझ्या..."

"अहो, खिशातली चिठ्ठी काढा, धुण्यात जाईल."

मी काढली नाही. मी भडकलो. नको नको ते बोललो. तुला धाकट्याने फितवलं म्हणालो. ती वळली. "भाऊजींनी तुमचं नाव लिहिलंय हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय," ती म्हणाली. "मी कुणाला एका शब्दाने बोलले नाही. शपथ घातलीत, पाळली. चार वेळा तोंडावर सांगितलं, तुम्ही बघू म्हणालात. मग तुमच्याच नियमात जेवढं बसत होतं तेवढं केलं. बाकी दोघं लिहितील हे मला काय माहीत? मला वाटलं, एक चिठ्ठी दिसेल, माझं अक्षर दिसेल, तुम्हाला कळेल. तुम्ही अक्षरं ओळखता ना."

"तुला ठाऊक होतं?"

"वाचताना तुम्ही आधी लिहिणाऱ्याकडे बघता. पहिल्या वर्षीच कळलं."

मी खुर्चीवर बसलो. तेहतीस वर्षं मी कुणाबरोबर राहत होतो कोण जाणे. माझ्यावर पाळत ठेवून, वर शांतपणे भांडी लावणारी बाई!

"मला त्या घाटात जायचंय," मी म्हणालो. आवाज माझा मलाच केविलवाणा वाटला. "मी एकसष्टीला आलो. पुढच्या खेपेला माझ्याच्याने होईल न होईल. हा मार्ग मी काढलाय. त्या तिसऱ्या सीमेच्या अधिकाऱ्याला मी अकरा पत्रं लिहिलीत. तिथे एक नंबरची गाडी माझी नसेल तर माझ्या आयुष्यात राहिलं काय?"

"घाटात तुमच्या मागे कोण असतं?"

मी खुर्ची मागे सरकवली.

"ती पोरगी असते, बाईंची भाची. परवा तुम्हीच तिला शिकवलंत, रस्ता बघू नको, पुढचे दिवे बघ. ते दिवे दरीत गेले तर ती कुठे जाईल?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मी तुमच्या शेजारी असेन, हात लांब करेन, जमलं तर जमलं. तिच्या शेजारी बाई असतील, त्यांना तर काही ठाऊकच नाही."

"चार सेकंद!" मी ओरडलो. "चार सेकंदांसाठी तू माझं आयुष्य संपवतेस!"

"उद्या सगळे फायली घ्यायला येणार आहेत," ती म्हणाली. "तुम्ही काय ते सांगा. नाही सांगितलंत तर मी त्या दुपारचं काही बोलणार नाही, शपथ आहे. मी फक्त म्हणेन की माझी चिठ्ठी कोरी नव्हती."

एवढं बोलून तिने भात लावला. मला इतका एकटेपणा आयुष्यात कधी वाटला नव्हता. धाकट्याने निदान टायरमागे तोंड लपवलं होतं. हिने माझ्या डोळ्यांत बघून दोरी आवळली होती, आणि ती दोरीसुद्धा माझीच. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. स्टिअरिंग धरलं. रडलो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळे आले. आमच्या पुढच्या खोलीत दहा माणसं म्हणजे गर्दीच. टेबलावर दहा फायली मी लावून ठेवल्या होत्या, हिरव्या रंगाच्या, वर नाव आणि गाडीचा नंबर. प्रत्येकीत व्हिसा, विमा, रक्तगट, मुक्कामांचे पत्ते, तीन भाषांत लिहिलेलं "मला डॉक्टर हवा आहे". बाई एक फाईल उघडून म्हणाल्या, "दादा, असं काम मी उभ्या नोकरीत बघितलं नाही." मला ते ऐकवेना. बायको दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, फुलदाणीतलं पाणी बदलत होती. अगदी सावकाश.

ती बोलणार, हे मला कळत होतं. तिने तोंड उघडलं असतं तर मी खोटारडा ठरलो असतो, धाकट्यासमोर, दातवाल्यासमोर. त्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असा मी विचार केला. मोठ्या मनाने वगैरे काही नाही.

"कालची दहावी चिठ्ठी," मी म्हणालो. "ती कोरी नव्हती. माझा चष्मा गाडीत राहिला होता, वाचायला चूक झाली. घरी येऊन बघितलं. तिच्यावर माझं नाव आहे. तीन झाल्या."

चष्मा माझ्या नाकावर होता. कालही होता. सगळ्यांनी बघितलेला. दातवाल्याने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने जमिनीकडे. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल, पण त्याचा चेहरा मार खाल्ल्यासारखा झाला होता. "दादा, आपण पुन्हा चिठ्ठ्या टाकू," तो पुटपुटला.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. हे मी नियमासाठी नाही, त्याला टोचावं म्हणून म्हटलं, आणि टोचलं.

"होतं असं चष्म्याचं," बेकरीवाली हळूच म्हणाली. "माझ्या वडिलांचंही व्हायचं." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला तिच्याकडे बघवेना.

मी एक नंबरचा वॉकीटॉकी धाकट्याच्या हातात दिला. घाटाचा कागद दिला, त्या अधिकाऱ्याचं नाव सांगितलं, त्याला चहा विचारलेला आवडतो हेही सांगितलं. हात मिळवला. तो मिठी मारायला पुढे आला तेव्हा मी फायली सारख्या करायला वळलो. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही.

आणि मग मला जरा बरं वाटायला लागलं. म्हटलं, संपलं एकदाचं. हे सगळे गेल्यावर आता आम्ही दोघंच. अडतीस दिवस पडलेत. भांडेन तिच्याशी, अबोला धरेन, आठवडाभर जेवण नावडतं म्हणेन. ती डॉक्टरकडे नेईल, मी कुरकुरत जाईन. कधीतरी तिला विचारेन की माझं नाव लिहायला तुझं मन कसं धजलं. तिने हे माझ्यासाठी केलं असेल तर तिलाही घरात बसून माझ्याबरोबर ते निस्तरावं लागणार होतं. त्यातच मला थोडा न्याय दिसत होता.

"माझी गाडी राहिली," मी सगळ्यांना म्हटलं. "चार गाड्या, आठ माणसं. घाटात सोपंच जाईल. आमच्या दोघांच्या फायली बाजूला काढतो."

"दोघांच्या कशाला?" बायको म्हणाली.

तिने फुलदाणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि टेबलाशी आली. तिने वरची फाईल उचलली, नाव बघितलं, ती माझी होती म्हणून परत ठेवली आणि खालची घेतली.

"माझं नाव कुणी लिहिलं होतं का?" तिने विचारलं.

मग बाईंनी घसा खाकरला. "आमची मागची सीट मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "नकाशा बघणारं कुणी असलं तर पोरीलाही धीर."

"मग येते मी," बायको म्हणाली. "यांची गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतली आहे, ती झाली की माझी बॅग आणून ठेवते."

मग तिने माझ्याकडे बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल. मी काही विचारेन म्हणून ती थांबली होती. आठ माणसंही माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याच नियमामुळे मला कारण विचारता येत नव्हतं.